शेवटच्या दहिवराची तारीख

मी स्वभावानं भांडखोर नाही. बँकेच्या काउंटरमागं वीस वर्षं काढलेल्या माणसात भांडायला त्राणच उरत नाही. ते काम काउंटरच्या पुढचे लोक मन लावून करत असतात. तेव्हा आज मी जे भांडण काढणार आहे ते कुणा माणसाशी नाही. ते एका तारखेशी आहे. तिचं नाव 'शेवटच्या दहिवराची तारीख'.

ही काय नवी भानगड, असं तुम्ही विचाराल. विचारणारच. शिवाजी पेठेत जन्म घेतलेल्या माणसानं थंडी म्हणजे फार तर कानटोपी आणि चहाचा दुसरा कप एवढीच पाहिलेली असते. पण विलायतेत, अमेरिकेत हिवाळ्याच्या रात्री पानांवरचं दव गोठतं, सकाळी सगळं पांढरं दिसतं आणि दुपारपर्यंत कोवळी रोपं जळल्यासारखी काळी पडून मरतात. त्याला ते लोक 'फ्रॉस्ट' म्हणतात. वसंत ऋतूत शेवटचं फ्रॉस्ट पडून गेलं की शरदात पहिलं पडेपर्यंत जे काही महिने हाती लागतात, तेवढ्यात त्या बिचाऱ्यांना टोमॅटो, काकडी, घेवडा सगळं उरकून घ्यायचं असतं. म्हणून त्यांच्या परसबागेचं सगळं वेळापत्रक या दोन तारखांना टांगलेलं असतं. 'शेवटच्या दहिवराआधी सहा आठवडे बी घरात टाका', 'शेवटच्या दहिवरानंतर दोन आठवड्यांनी रोप बाहेर लावा', वगैरे. त्यांचं त्यांना बरोबरच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आपल्याकडं मात्र या वस्तूला धड शब्दसुद्धा नाही. 'दहिवर' म्हणावं तर आमच्या आजीच्या लेखी ते साधं दव. 'हिमतुषार' म्हणावं तर मराठीचे मास्तर आठवतात. कोल्हापूरकराचा फ्रॉस्टशी संबंध येतो तो फ्रीजच्या दुकानात. तिथं 'फ्रॉस्ट-फ्री' अशी चिठ्ठी लावलेला फ्रीज असतो आणि त्या चिठ्ठीचे पैसे जास्त पडतात. वास्तविक आमचं अख्खं गाव मूळचंच फ्रॉस्ट-फ्री आहे, तेही वीज न जाळता; पण त्याबद्दल नगरपालिकेच्या काळापासून आजच्या महापालिकेपर्यंत कुणी जादा कर लावलेला नाही. (हे छापून आल्यावर लावतील.)

तर ही तारीख आपल्या परड्यात घुसली कशी? फोनमधून. आणि माझ्यापर्यंत ती आली आमच्या साडूभाऊंच्या मार्फत.

साडूभाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि रत्नागिरीजवळ, समुद्राच्या काठी, आपल्या वडिलोपार्जित घरात राहायला गेले. निवृत्त मनुष्य एक तर अध्यात्माला लागतो किंवा भाजीपाल्याला. साडूभाऊ भाजीपाल्याला लागले. त्यांची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. तिनं बापाचा उत्साह पाहून त्यांच्या फोनमध्ये बागकामाचं एक अ‍ॅप बसवून दिलं. अ‍ॅपनं गाव विचारलं, समुद्र किती लांब ते विचारलं, आणि मग तांबडी चांदणी काढलेल्या दोन रकान्यांत दोन तारखा मागितल्या: शेवटचं दहिवर आणि पहिलं दहिवर.

तांबडी चांदणी म्हणजे रकाना सक्तीचा. आता ज्या माणसानं तीस वर्षं सरकारी अर्ज भरले आणि भरून घेतले, तो सक्तीचा रकाना मोकळा कसा सोडणार? त्यांनी विचार केला. तिळगूळ वाटून झाला की थंडी मोडते. तेव्हा शेवटचं दहिवर, १५ जानेवारी. देवदिवाळीच्या सुमाराला पांघरूण काढावं लागतं; तेव्हा पहिलं दहिवर, १ डिसेंबर. अ‍ॅपला धन्य वाटलं. त्यानं क्षणार्धात वर्षभराचा रंगीत तक्ता काढून दिला. साडूभाऊंनी रत्नागिरीला जाऊन तो छापला, त्याला प्लॅस्टिकचं वेष्टण चढवलं आणि माजघरात गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला.

मी आंबा घाट उतरून त्यांच्याकडं गेलो तेव्हा डिसेंबर चालू होता आणि टोमॅटोची रोपं माजघरात होती. कोकणात! जिथं उकिरड्यावर फेकलेल्या भोपळ्याची बी कुणाची परवानगी न घेता मांडवावर चढते, तिथं साडूभाऊ टोमॅटोच्या रोपांना खिडकीत उबेला ठेवून होते. जानेवारीत तक्त्यानं सांगितलं, 'रोपांना बाहेरच्या हवेची हळूहळू सवय करा.' मग पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन तास, अशी ती ट्रे भरभरून रोपं अंगणात नेऊन परत घरात आणण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बालवाडीत मूल रुळेपर्यंत आई दाराशी उभी राहते, तसे साडूभाऊ उभे राहत. जानेवारीच्या शेवटी रोपं एकदाची जमिनीत गेली. मार्च उजाडला, फुलं आली, आणि फुलं गळाली. हाती लागले ते मोजून सात टोमॅटो.

ऑगस्टात दुसरा अंक. पहिल्या दहिवराच्या आत पालेभाज्या तयार हव्यात, म्हणून तक्त्यानं मेथी आणि पालक ऑगस्टच्या मध्याला पेरायला सांगितलं होतं. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जूनपासून सप्टेंबरपर्यंत. मेथीचा तो वाफा तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या हद्दीत गेला. साडूभाऊंनी मला फोन करून विचारलं, की हद्द ओलांडून गेलेल्या मेथीवर कायद्यानं मालकी कुणाची. मी म्हटलं, बी.कॉम.ला हा विषय नव्हता.

याच काळात त्याच घराच्या मागच्या बाजूला अक्कांचा, म्हणजे माझ्या मेव्हणीबाईंचा, मांडव पडवळ-दोडक्यांनी वाकला होता. त्यांनी मृगात बी टोकलं होतं. पाऊस उघडल्यावर त्याच जागेत त्या माठ आणि मुळा टाकणार होत्या, आणि भात कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर पावटा आणि कुळीथ. त्यांच्याकडं तक्ता नव्हता. पाहुण्यांना साडूभाऊ रंगीत तक्ता दाखवत आणि जेवायला अक्कांचं पडवळ वाढत. माझ्या भांडणाचं मूळ इथं आहे. एकाच घरात चालणारं ज्ञान मागच्या दारी आणि न चालणारं ज्ञान गणपतीशेजारी!

आता कुणी म्हणेल, साडूभाऊंनी तारीखच चुकीची भरली त्याला तक्ता काय करणार. तर मुद्दा नेमका तोच आहे. तिथं बरोबर तारीख अस्तित्वातच नाही. दहिवर पडायला निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि रात्रीत आपली सगळी ऊब आकाशाला देऊन टाकणारी जमीन लागते. जमीन म्हणजे बचत खातं. दिवसा भरलं, रात्री काढलं, सकाळी खडखडाट. समुद्र म्हणजे मुदत ठेव. तेवढंच वजन तेवढंच तापवायला पाण्याला कोरड्या मातीच्या सुमारे चौपट उष्णता लागते, म्हणून समुद्र तापतोही सावकाश आणि निवतोही सावकाश, आणि काठच्या गावाला वर्षभर त्याचं व्याज मिळत राहतं. त्यातून आपला समुद्र उष्ण कटिबंधातला. रत्नागिरीला पाणी गोठवायचं तर ते फ्रीजरमध्येच ठेवावं लागतं.

बरं, समुद्रकाठाला ही तारीख तिच्या माहेरी तरी उपयोगी पडते का? आमच्या भाचीचीच गोष्ट घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत समुद्रालगत दहिवर क्वचितच पडतं. तक्त्याप्रमाणं पाहिलं तर तिनं वर्षभर टोमॅटो खायला हवेत. पण तिथं उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं चालून येतं आणि भर जुलैच्या दुपारी पारा विशीच्या आत राहतो. टोमॅटोचं फूल मोठं नाजूक असतं. रात्र साधारण तेरा अंशांखाली गेली तर ते फळ धरत नाही, आणि बावीस-चोवीसच्या वर राहिली तरी धरत नाही. म्हणजे मुलीची फुलं गारठ्यानं गळतात आणि बापाची उकाड्यानं. दहिवर दोघांकडंही नाही, आणि दोघंही दहिवराचा तक्ता बघतात! उलट मेथीला थंडावा मानवतो, त्यामुळं जी मेथी आपल्याला हिवाळ्यात स्वस्त होते ती तिकडं भाचीच्या गॅलरीत बारमाही येते. बाप मेथीसाठी तडफडतो आणि लेक मेथीचे पराठे करून फोटो पाठवते.

तीच गत कांद्याची. साडूभाऊंनी त्याच तक्त्याबरहुकूम ऑनलाइन मागवलेलं परदेशी कांद्याचं बी पेरलं. पात अशी आली की बघत राहावं. खाली कांदा मात्र नाही. कारण कांद्याच्या काही जाती दिवस चौदा तासांहून मोठा झाल्याशिवाय गड्डा धरतच नाहीत. असे लांबलचक दिवस उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात असतात. आपल्याकडं वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो. तो कांदा बिचारा डोळे लावून वाट पाहत बसला. आपल्याकडं ज्या जाती लावतात त्या आखूड दिवसांत समाधान मानणाऱ्या, आपल्यासारख्याच.

शिवाय 'सरासरी' हा शब्द बघा. ती तारीख सरासरीची असते. म्हणजे साधारण निम्म्या वर्षी त्या तारखेनंतरही दहिवर पडायचं ते पडतंच. सरासरी शिल्लक म्हणजे काय हे बँकेतल्या माणसाला शिकवू नका. खात्यात एकोणतीस दिवस भोपळा आणि तिसाव्या दिवशी तीस हजार, तरी सरासरी हजार. पण त्या एकोणतीस दिवसांत चेक आला तर परतच जातो.

महाराष्ट्रात दहिवर नाहीच, असं माझं म्हणणं नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत दवबिंदू गोठतात, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण दिसतात आणि पर्यटक मोटारींच्या टपावरचा बर्फ खरवडून फोटो काढतात. निफाडला डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. थंडीची लाट आली की तिथले द्राक्षवाले रात्रभर बागांतून शेकोट्या पेटवून बसतात. त्यांनी खुशाल तारखा लिहून ठेवाव्यात. पण त्यांचं दुखणं त्यांच्यापाशी. निफाडची कानटोपी रत्नागिरीला कशाला?

आता आमच्या पेठेकडं येतो. कोल्हापूर काही समुद्रकाठी नाही. मधे सह्याद्री आहे. पण गगनबावड्याला ढग अडले की त्याचं पाणी आमच्या पंचगंगेला येतं, म्हणून आम्ही समुद्राचे लांबचे नातेवाईक. आमच्याकडंही वेळापत्रक ठरतं ते पावसावर. 'पहिलं दहिवर' म्हटल्यावर आमच्या गल्लीत कुणाची पापणी लवणार नाही; 'राजाराम बंधारा ३९ फूट' म्हणा, लगेच चहा टाकून माणसं उभी राहतील. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यानं पाहिला, त्याला आमच्याकडं कोणती तारीख महत्त्वाची हे सांगावं लागत नाही. आणि पाण्यानं आमच्याकडं जागा तरी किती सोडल्या पाहा. वरुणतीर्थ होतं तिथं आज गांधी मैदान आहे, कपिलतीर्थ होतं तिथं भाजी मंडई. ज्या गावाची मंडईच तळ्याच्या जागेवर भरते, त्या गावानं भाजीचा हिशेब बर्फावर मांडायचा!

आमच्या मागच्या गल्लीतल्या आत्तींना मी साडूभाऊंचा तक्ता वाचून दाखवला. सत्तरी ओलांडलेली बाई. परडं म्हणाल तर दोन खाटांएवढं. बाकीच्यावर मुलानं सिमेंटचे ठोकळे बसवलेत, मोटारसायकलीला चिखल लागू नये म्हणून. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कसली ओ तारीख? पाऊस उघडल्याबगार मेथी टाकायची न्हाई, एवढं आमाला ठावं हाय. हादगा झाला की टाकायची."

हादगा! हस्त नक्षत्र लागलं की पेठेत पोरींचा हादगा बसायचा, आणि तो उठेपर्यंत पावसाचा जोर सरायचा. म्हणजे पोरींच्या खेळात पालेभाज्यांच्या पेरणीची तारीख बांधून ठेवलेली होती. ही नक्षत्रं म्हणजे अंधश्रद्धा, असं आमच्या बँकेतले एक शिकलेले गृहस्थ म्हणतात. (ते शेअर बाजारातल्या भविष्यावर मात्र श्रद्धा ठेवून आहेत.) वास्तविक सूर्याच्या वाटेचे सत्तावीस सारखे तुकडे पाडले, की एकेका तुकड्याला साडेतेरा दिवस येतात. सूर्य मृगात जातो तो ७-८ जूनला, हस्तात २६-२७ सप्टेंबरला, स्वातीत २३-२४ ऑक्टोबरला. यात नवस नाही, सायास नाही. शुद्ध पंधरवड्याचा हिशेब आहे. मधल्या पावसांना लोकांनी तरणा, म्हातारा, सासूचा, सुनेचा अशी नावं ठेवली ती लक्षात राहावीत म्हणून. आता त्या नक्षत्रांना बेडूक, म्हैस, हत्ती अशी वाहनं देतात आणि त्यावरून पाऊस किती पडणार ते सांगतात, ती मात्र लॉटरी. तिची वकिली मी करणार नाही. तारीख घ्यावी, बेडूक सोडून द्यावा.

आणि तारखेलाही डोळे झाकून मान डोलवू नये. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईला पोचला २५ जूनला, आणि २०२५ साली २६ मेला. तब्बल महिन्याचा फरक! २०२५ साली मृगाची वाट पाहत बसलेल्यांची बियाणी डब्यातच राहिली आणि दारात गुडघाभर चिखल. हवामान खात्यानंही २०२० साली आपल्या सर्वसाधारण तारखा दुरुस्त केल्या. मुंबईतून पाऊस परतायची तारीख आधी २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर केली. म्हणजे पावसाचा मुक्काम नऊ-दहा दिवसांनी वाढला हे सरकारी कागदावर आलं. पण साडूभाऊंच्या अ‍ॅपमध्ये पाऊस परतण्याचा रकानाच नाही. आत्तींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हादग्यात बी आता पाऊस सोडंना, म्हून दसरा जाऊ देतो आणि मग टाकतो." हवामान खात्यानं जे कित्येक वर्षांच्या नोंदी तपासून केलं, ते या बाईनं दोन वेळा मेथी कुजल्यावर केलं. दोन्ही उत्तरं जवळपास सारखी आली.

मला राग येतो तो याचा. आत्तींच्या पश्चात हे कुठंही लिहिलेलं नसणार. मुलाला मोटारसायकल ठेवायची आहे आणि नातवाला बागकामाची हौस आहे. पण तो फोन उघडेल आणि फोन त्याला विचारेल, शेवटचं दहिवर कधी? तो आजीला विचारणार नाही, कारण आजीला दहिवर माहीत नाही. आजीला जे माहीत आहे ते फोन विचारत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आमच्या बँकेच्या अर्जात ज्याला पॅन नंबर नाही त्याच्यासाठीसुद्धा वेगळा नमुना आहे. तो भरला की अर्ज पुढं जातो. तसंच या बागवाल्यांनी त्या तांबड्या चांदणीशेजारी एक 'लागू नाही' ठेवावं. आणि ते दाबलं की पुढं विचारावं: तुमच्याकडं पाऊस धरतो केव्हा, उघडतो केव्हा, मागच्या पाच वर्षांत केव्हा उघडला, रात्री उकडायला लागतं कधी, आणि घरात म्हातारं माणूस कोण आहे.

साडूभाऊंना मी हे सगळं फोनवर ऐकवलं. ते पटलं म्हणाले. तक्ता काढायला मात्र तयार नाहीत. प्लॅस्टिकला पन्नास रुपये पडले आहेत. अक्कांनी त्याची मागची कोरी बाजू पुढं केली आहे आणि तिच्यावर खडूनं लिहिलं आहे: मुळा, दसऱ्यानंतर.